मॉरिस मायनर: मंद दिवे आणि गरम चोक केबल

माझी मॉरिस मायनर, म्हणजे जुनी ब्रिटिश मोटार, १९६५ची, १०९८ सीसीची. इंग्लंडच्या ओल्या हिवाळ्यात तिचे हेडलाइट मंद पडायला लागले आणि स्टार्टर मारला की चोकची केबल हाताला गरम लागायची. दिवे मंद म्हटलं की लोक लगेच डायनॅमोवर, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्रावर, घसरतात. मला मात्र ती केबल जास्त बोलकी वाटली. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. त्याला बॉडीशी जोडणारी अर्थची पट्टी (करंटची बॅटरीकडे परतीची वाट) गंजली की स्टार्टरचा करंट मिळेल त्या वाटेने जातो, म्हणजे चोकच्या केबलमधून. ती जळूसुद्धा शकते.

दिवे चालू ठेवून मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर धरलं, दुसरं हेडलाइटच्या काळ्या वायरवर. (या गाड्यांत काळी वायर अर्थची, निळी हेडलाइटची, तपकिरी थेट बॅटरीची.) आकडा शून्याजवळ हवा; आला एक व्होल्टच्या वर. पॉझिटिव्ह एवढ्यासाठी की मायनर शेवटपर्यंत पॉझिटिव्ह अर्थचीच राहिली, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं; आजच्या गाड्यांत निगेटिव्ह असतं. आजकालचा रेडिओ न बघता जोडलात तर त्याला रामराम.

नवी पट्टी स्वस्तात मिळाली. वेळ गेला तो घासण्यात: बोल्टखालचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत पॉलिश पेपरने काढला, बुलेट कनेक्टर (वायरी जोडणाऱ्या गोल टोकाच्या खटक्या) उघडून आतला हिरवा गंज साफ केला, वर पेट्रोलियम जेली लावली. केबल आता थंड असते. उजेड आजच्या गाड्यांसारखा नाही, पण रस्ता नीट दिसतो. डायनॅमो जुनाच आहे.