पाणबुड्याचा नवा खेळ स्पेक्ट्रमवर चालत नाही? आधी या चुका टाळा

समुद्राच्या तळाशी जायचं, मोती-शिंपले गोळा करायचे आणि नळकांड्यातली हवा संपायच्या आत वर यायचं. असा नवाकोरा खेळ आजही कुणीतरी झेडएक्स स्पेक्ट्रम या जुन्या, कॅसेटवरून खेळ भरून घेणाऱ्या घरगुती कॉम्प्युटरसाठी लिहितं, याचं अप्रूप आहेच. पण खेळ उतरवून घेतला आणि लगेच सुरू झाला, असं क्वचितच होतं. मग सगळे लिहिणाऱ्याच्या नावाने बोटं मोडतात. बहुतेक वेळा त्याचा काडीचाही दोष नसतो. खेळ नवा असला तरी मशीन १९८२ सालचं आहे आणि ते स्वतःच्याच अटींवर चालतं.

खरं मशीन असेल तर सगळ्यात आधी अडॅप्टर बघा. तुमचं मशीन विलायतेहून आलेलं असो, नाहीतर १९८६ मध्ये डेसिबल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन भारतात आणलेलं डीबी स्पेक्ट्रम प्लस असो, ही चूक महागात पडते. मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या लॅमिंग्टन रोडवर नऊ व्होल्टचा अडॅप्टर मागितला की काउंटरवरचा माणूस पिन बसते का तेवढंच बघतो. ‘बसतेय ना? मग चालेल, साहेब.’ नाही चालणार. स्पेक्ट्रमला पिनच्या आत निगेटिव्ह आणि बाहेर पॉझिटिव्ह लागतं. हल्लीचे बहुतेक अडॅप्टर नेमके उलटे असतात. उलटा लावलात तर खेळ राहू द्या, मशीनच जाईल. मूळ अडॅप्टर १.४ अँपिअरचा होता, त्याहून कमी नको. आणि दुकानातून निघायच्या आधी मल्टिमीटर लावून घ्या. मागायला लाजू नका.

मुंबईत दुसरा शत्रू म्हणजे दमट हवा. मशीनच्या मागे जोडण्या लावायची जी पट्टी असते, तिचे कॉन्टॅक्ट काळे पडतात, कॅसेटवर पांढरी बुरशी धरते. बुरशीची कॅसेट तशीच टेपमध्ये घातली तर हेडही खराब होतं. पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. आणि मशीन चालू असताना मागे काहीही लावू किंवा काढू नका, कधीच नाही.

आता मुख्य दुखणं, लोडिंग, म्हणजे कॅसेटवरच्या आवाजातून खेळ मशीनमध्ये भरणं. पहिली अडचण टायपिंगची. नवखा माणूस एल-ओ-ए-डी अशी अक्षरं दाबतो आणि पडद्यावर ‘लेट ओएडी’ असलं काहीतरी उमटतं. ४८केवर, म्हणजे ४८ किलोबाइट मेमरीच्या मॉडेलवर, एकेका बटनात अख्खा शब्द असतो. ‘लोड’साठी फक्त ‘जे’ दाबायचं, मग सिम्बॉल शिफ्ट धरून दोनदा ‘पी’, की अवतरणचिन्हं येतात, आणि मग एंटर. नंतरचं, जास्त मेमरीचं १२८ मॉडेल असेल आणि खेळ ४८केचा असेल, तर सुरुवातीच्या मेनूतून ‘४८ बेसिक’ निवडा.

हल्ली बरेच जण टेपऐवजी मोबाइलवरून आवाज देतात. खेळ टॅप किंवा टीझेडएक्स फाइलमध्ये, म्हणजे कॅसेटच्या डिजिटल नकलेत मिळतो. तिची वेव्ह ही आवाजाची फाइल करायची आणि ती मशीनच्या इअर सॉकेटमध्ये वाजवायची. युक्ती उत्तम, पण घोळ इथेच होतात. फाइल लहान व्हावी म्हणून लोक एमपी३ करतात. गाण्याला ते चालतं, पण इथे आवाजाची प्रत्येक लाट म्हणजे माहिती आहे, ती चेपली की संपलं. व्हॉल्यूम अर्ध्यावर ठेवतात, तोही पुरत नाही. जवळपास पूर्ण लागतो. इक्वलायझर, बास बूस्ट, ‘थिएटर साउंड’ सगळं बंद करा. केबल मोनो घ्या, ब्लूटूथच्या नादी लागू नका. आणि फोन एअरप्लेन मोडवर टाका. ४८केचा भरगच्च खेळ लोड व्हायला चार-पाच मिनिटं लागतात. तेवढ्यात फॅमिली ग्रुपवर कुणीतरी गुलाबाचं फूल पाठवतोच, आणि ती एक ‘टिंग’ सगळ्यावर पाणी फिरवते.

चूक नेमकी कुठे आहे ते पडद्याची किनार सांगते, फक्त ती वाचायला शिका. सेकंदा-सेकंदाला किनार नुसती लाल आणि निळसर होत राहिली, तर मशीनपर्यंत आवाज पोचतच नाहीये. केबल नाहीतर व्हॉल्यूम बघा. लाल-निळसर जाड पट्टे सुमारे पाच सेकंद सलग सरकले आणि मग निळ्या-पिवळ्या बारीक रेघा आल्या, तर सुरुवात बरोबर झालीये. त्यानंतर ‘आर टेप लोडिंग एरर’ आलं तर आवाज मध्येच फाटतोय किंवा कमी पडतोय, व्हॉल्यूम एक-दोन घरं इकडेतिकडे करून बघा. काही खेळांचे लोडर वेगळे रंग दाखवतात, तिथे घाबरू नका. सुरुवातीचं चित्र आधी काळं-पांढरं येतं आणि रंग अगदी शेवटी भरतात, तोही बिघाड नाही. चित्राच्या ६,९१२ बाइट्सपैकी रंगांच्या ७६८ बाइट्स मुळात शेवटीच असतात.

१२८ मॉडेल एरियलच्या वायरने टीव्हीला लावलंय, चित्र आहे पण आवाज नाही? ते टीव्हीच्या ब्रिटिश पाल पद्धतीचं आहे. त्यात आवाज ६ मेगाहर्ट्झवर येतो आणि आपले टीव्ही तो ५.५ वर शोधतात. ४८केला हा प्रश्नच नाही, त्याचा भोंगा पोटातच असतो. चित्रही सापडत नसेल तर ऑटो ट्यूनिंगवर विसंबू नका, हाताने यूएचएफ ३६ नंबरचं चॅनेल शोधा.

एम्युलेटरवाल्यांचं, म्हणजे खऱ्या मशीनऐवजी त्याची नक्कल करणारा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांचं, दुखणं छोटं आहे. मॉडेल योग्य निवडा. फास्ट लोडिंगमध्ये खेळ अडकत असेल तर ते बंद करा आणि गुमान वाट बघा. माशांचं पोहणं अडखळत दिसत असेल तर दोष मॉनिटरच्या ६० हर्ट्झचा. तो सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो आणि स्पेक्ट्रम ५० वेळा. लोकलमध्ये उभ्याने मोबाइलवर टच बटनांनी असले खेळ खेळण्यात मात्र काही अर्थ नाही. एक झटका आणि पाणबुड्या जेलीफिशच्या मिठीत.

खेळ सुरू झाला आणि पाणबुड्या आपोआपच कोपऱ्याकडे पळतोय? तुम्ही मेनूत केम्पस्टन जॉयस्टिक निवडलीये, पण ती जोडायला मशीनच्या मागे लागणारा केम्पस्टन इंटरफेस लावलेलाच नाही. रिकाम्या पोर्टवरून मशीन भलतंच वाचतं आणि सगळ्या दिशा एकदम दाबल्यासारखं वागतं. कीबोर्ड निवडा, बहुधा क्यू-ए-ओ-पी आणि स्पेस. १२८ मालिकेतल्या प्लस टू मॉडेलचं जॉयस्टिक सॉकेट नेहमीसारखं दिसतं, पण आतली जोडणी वेगळी असते. त्याला मधला अडॅप्टर लागतो.

पाणबुड्या शेवाळाजवळून गेला की तोही हिरवा होतो, ही तक्रार तर हमखास येते. आठ बाय आठ ठिपक्यांच्या एका चौकटीत स्पेक्ट्रमला दोनच रंग मावतात. चांगले लिहिणारे म्हणूनच पाण्याची जागा काळी ठेवतात आणि प्राण्यांना एकेकच रंग देतात. मला तर हे रंग सांडणं बघायला आवडतं, पण ज्याची त्याची आवड.

खेळण्यातली चूक एकच सांगतो, कारण ती सगळेच करतात. खाली जाताना दिसेल ते उचलत सुटायचं नाही. आधी तळाचं गोळा करा आणि वरचं परतीच्या वाटेवर घ्या, कारण हवा संपत येते तेव्हा तुम्ही वरच्या बाजूला असायला हवं.

इतकं करूनही अडलं तर लिहिणाऱ्याला जरूर कळवा. असे खेळ बहुधा एखादा माणूस नोकरी सांभाळून करतो. नुसतं ‘चालत नाही’ लिहून त्याला काही कळत नाही. मॉडेल कोणतं, फाइल टॅप की टीझेडएक्स, आवाज कशावरून दिला, जॉयस्टिक कोणती आणि नेमक्या कोणत्या पडद्यावर अडलं, एवढं लिहा. किनारीचे रंग दिसतील असा फोटो जोडलात तर उत्तमच.