मुंबईच्या फ्लॅटमध्ये कुत्र्याचं पिल्लू वाढवताना

पिल्लू आणायचं ठरलं की घरात पहिली चर्चा नावाची होते आणि दुसरी जातीची. सकाळी सहाला खाली कोण नेणार, दुपारी घरात कोण असणार, ही चर्चा बहुतेक घरांत पिल्लू आल्यावर होते आणि तेव्हा ती चर्चा न राहता भांडण होतं. मुंबईत जागा कमी, माणसं जास्त, आणि प्रत्येकाची पिल्लाशी वागायची तऱ्हा निराळी. आजोबा ताटातला घास देतात, आई त्याच गोष्टीवरून ओरडते, मुलगा हसत मोबाईलवर शूटिंग करतो. पिल्लाने यातून शिकायचं तरी काय?

म्हणून सगळ्यात आधी एका कागदावर घरचे नियम लिहा आणि तो फ्रिजवर चिकटवा. सोफ्यावर चढू द्यायचं का, जेवताना काही द्यायचं का, अंगावर उडी मारली तर काय करायचं, आणि कोणत्या गोष्टीसाठी कोणता शब्द वापरायचा. एकजण ‘बस’ म्हणतोय, दुसरा ‘सिट’ आणि आजी ‘बैस रे बाळा’, असं झालं तर पिल्लू तिघांकडेही बघत उभंच राहील. कामाला येणाऱ्या मावशींनाही नियम सांगा. त्या रोज घरात असतात आणि पिल्लू त्यांच्या केरसुणीमागे धावणार हे ठरलेलं आहे.

आणण्याआधी

8 आठवड्यांच्या आतलं पिल्लू आईपासून तोडू नका. केंद्र सरकारच्या 2017 च्या नियमांनुसार एवढं लहान पिल्लू विकायलाच मनाई आहे. ‘महिन्याचं आहे, आत्ताच न्या म्हणजे लळा लागेल’ असं सांगणाऱ्याकडून घेऊच नका. चावताना जोर किती लावायचा, हे पिल्लू आई आणि भावंडांमध्ये शिकतं. तिथून लवकर उचललेल्या पिल्लाला ते शिकवता शिकवता आपले हात ओरबाडून निघतात.

जातीबद्दल स्पष्टच सांगायचं तर हस्की आणि सेंट बर्नार्ड ही बर्फातली कुत्री आहेत. मे महिन्यातल्या मुंबईत त्यांना ठेवणं म्हणजे माणसाच्या हौसेसाठी त्यांचे हाल. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांनाही दमट उकाड्यात श्वासाचा त्रास होतो. माझं मत विचाराल तर देशी पिल्लू दत्तक घ्या. आखूड केस, काटक अंग, आणि ही हवा त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असते.

गणपती किंवा दिवाळीच्या तोंडावर पिल्लू आणू नका. पहिला आठवडाभर कुणीतरी घरी असेल अशी रजा जुळवा. मग गुडघ्यांवर बसून घर त्याच्या उंचीवरून बघा. चार्जरच्या लोंबत्या वायरी, कपाटातून घरंगळलेल्या डांबरगोळ्या, सिंकखालचं उंदराचं औषध, मच्छरची कॉइल सगळं उचला. बाल्कनीच्या गजांमधून पिल्लू सहज निसटतं, तेव्हा खालच्या बाजूला जाळी मारून घ्या. गुळगुळीत लाद्यांवर त्याचे पाय फाकतात आणि वाढत्या सांध्यांना ते बरं नाही. जुनी सतरंजी किंवा योगाची मॅट अंथरली तरी भागतं.

पहिल्या रात्री

ते रडणार. आयुष्यात पहिल्यांदाच भावंडांची ऊब सोडून झोपलेलं असतं. ‘सवय होईल’ म्हणून त्याला बाल्कनीत किंवा बाथरूममध्ये कोंडू नका. पिंजरा किंवा उंच कडांचं खोकं तुमच्या पलंगालगत ठेवा, आत तुमचा वापरलेला टीशर्ट टाका. कुरकुर सुरू झाली की हात खाली सोडा, एवढं बहुतेकदा पुरतं. पिंजऱ्याचं दार दिवसा उघडंच ठेवा, जेवणही आतच द्या. शिक्षा म्हणून मात्र त्यात कधी ढकलू नका. शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवलंत तर रात्री दोनच्या रडण्यावर सकाळी टोमणे ऐकावे लागत नाहीत.

शी-शूची सवय

सगळ्यात जास्त घरं इथेच हरतात, आणि हरतात ती घड्याळ न पाळल्यामुळे. पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवा. दिवसा जास्तीत जास्त साधारण तेवढे तास ते थांबू शकतं, म्हणजे 2 महिन्यांचं पिल्लू फार तर 3 तास. जागं असताना आणि खेळताना त्याहूनही कमी. झोपेतून उठल्या उठल्या, खाल्ल्यावर दहा-वीस मिनिटांत, खेळ झाल्यावर आणि रात्री निजण्याआधी, या चार वेळा चुकवायच्याच नाहीत.

जागा कोणती? लशी पूर्ण होईपर्यंत बिल्डिंगखाली जमिनीवर सोडायचं नाही, त्यामुळे बाल्कनीचा किंवा बाथरूमचा एक ठरलेला कोपरा. बरेच जण वर्तमानपत्र पसरतात. स्वस्त आणि सोपं आहे, पण पेपरची सवय लागली की आजोबांनी वाचता वाचता जमिनीवर ठेवलेली पुरवणीही त्याला तशीच दिसते. कृत्रिम गवताचा ट्रे मिळतो, तो घेतलात तर बरं.

आता बघायचं कसं? पिल्लू दोरीशी झोंबत असतं, अचानक खेळ सोडतं. नाक लादीला टेकवून सोफ्याच्या पायाजवळ छोटे छोटे गोल घेऊ लागतं, मागचे पाय जरा जवळ येतात. आता तुमच्या हाताशी तीन-चार सेकंद असतात. न ओरडता उचला, ट्रेवर ठेवा, ‘शू कर’ म्हणा आणि गप्प उभे राहा. झाली की तिथल्या तिथे खाऊ द्या. स्वयंपाकघरात जाऊन डबा उघडून खाऊ आणलात तर त्याला वाटतं, बक्षीस स्वयंपाकघरात पळत आल्याचं आहे. खाऊची वाटी बाल्कनीच्या कठड्यावरच ठेवा.

चुकून हॉलमध्ये झाली तर नाक घासणं, पेपरची गुंडाळी मारणं हे प्रकार पूर्ण बंद. त्यातून पिल्लू एवढंच शिकतं की माणसांसमोर शू करायची नाही, आणि मग पलंगाखाली जाऊन करतं. पुसताना फिनेल वापरू नका, ते पंजांना लागतं, पिल्लू पंजे चाटतं आणि ते विषारी आहे. अमोनियाच्या क्लीनरचा वास त्याला लघवीसारखाच येतो, म्हणजे पुन्हा तिथेच आमंत्रण. पेट शॉपमध्ये एन्झाइमचं क्लीनर मिळतं, ते सगळ्यात चांगलं. हाताशी नसेल तर आधी साबणपाणी, मग पाण्यात मिसळलेलं व्हिनेगर.

लशी झाल्यावर खाली न्यायला लागाल तेव्हा काही पिल्लं अर्धा तास फिरून, घरी येऊन बाल्कनीतच करतात. शूने ओला झालेला कागद खालच्या ठरलेल्या जागी नेऊन ठेवा, वास ओळखीचा लागला की काम होतं. घरातली जागा मात्र मोडीत काढू नका. जुलैमध्ये तीन दिवस झड लागली की पुष्कळ कुत्री ओल्या जमिनीवर पायच टेकवत नाहीत. आणि खाली नेताना खिशात पिशवी हवीच. शी तुम्हीच उचलायची.

लशी आणि बाहेरचं जग

इथे एक खरा पेच आहे. लशी 6 ते 8 आठवड्यांपासून सुरू होतात आणि 3-4 आठवड्यांच्या अंतराने साधारण 16 आठवड्यांपर्यंत चालतात. रेबीजची लस 3 महिन्यांच्या सुमारास. तोवर पार्व्होचा, म्हणजे उलट्या-जुलाबांच्या जीवघेण्या आजाराचा, धोका असतो. त्याचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. दुसरीकडे, नवी माणसं, आवाज, वस्तू बिनधास्त स्वीकारायचं पिल्लाचं वय साधारण 3 ते 14 आठवडे. घरात कोंडून लशी संपवल्या तर पिल्लू निरोगी राहील, पण रिक्षाच्या हॉर्नलाही दचकेल.

उपाय सोपा आहे, उचलून न्या. कापडी झोळीत किंवा कडेवर घेऊन संध्याकाळी बाजाराच्या टोकाशी पंधरा मिनिटं उभे राहा. कोळणीची टोपली, रेनकोट घातलेला माणूस, फटकन उघडणारी छत्री, वॉचमनची काठी, देवळातली घंटा, सगळं लांबून दाखवा आणि प्रत्येक नव्या गोष्टीला एक चिमूट खाऊ. घाबरून अंग आक्रसलं तर आणखी दोन पावलं मागे या.

लिफ्ट वेगळी शिकवा. पहिल्या दिवशी फक्त उघड्या दाराशी खाऊ, मग आत जाऊन लगेच बाहेर, मग एकच मजला. दार बंद होताना पट्टा तुमच्या मुठीत आखूड धरलेला हवा. पट्टा दारात अडकून अपघात होतात.

ढोल-ताशे आणि फटाक्यांचं रेकॉर्डिंग जेवणाच्या वेळी अगदी बारीक आवाजात लावा. पिल्लू ताटलीतून मान वर न करता खात राहिलं तरच दुसऱ्या दिवशी आवाज किंचित वाढवा.

मुंबईत आणखी एक लस विचारून घ्याच, लेप्टोस्पायरोसिसची. उंदरांच्या मूत्रातून हा आजार साचलेल्या पाण्यात उतरतो. जुलै 2005 च्या पुरानंतर माणसांमध्ये त्याची साथ आली होती, ती मुंबईकर विसरलेले नाहीत. कुत्र्याला तो होतो आणि कुत्र्यातून आपल्यालाही होऊ शकतो. डबक्यातून चालवू नका, घरी आल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. तिथेच आणि कानांच्या आत गोचीड दडतात, त्यामुळे पुसता पुसता बोट फिरवायची सवय ठेवा. नेहमीचा डॉक्टर घराजवळचाच असू द्या, पण परळची दोन ठिकाणं माहीत असावीत: पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हे प्राण्यांचं रुग्णालय.

चावणं

दुधाचे 28 दात चौथ्या महिन्याच्या आसपास पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के 42 येतात. मधल्या काळात हिरड्या शिवशिवतात आणि चप्पल, रिमोट, खुर्चीचा पाय, जे दिसेल ते तोंडात जातं. ओल्या फडक्याला गाठ मारून फ्रीझरमध्ये ठेवा, ते द्या. गार गाजरही चालतं.

हाताला चावलं तर हात झटकू नका, किंचाळू नका. त्याला तो खेळच वाटतो. खेळ तिथल्या तिथे थांबवा, उठा, अर्धा मिनिट दुसऱ्या खोलीत जा. घरातल्या प्रत्येकाने, प्रत्येक वेळी. एकाने जरी ‘असू दे, लहान आहे’ म्हटलं तरी आठवडाभराची मेहनत गेली. लहान मुलांना पळायचं नाही, हात छातीशी घेऊन स्तब्ध उभं राहायचं, हे शिकवा.

दात लागून रक्त आलं किंवा ओरखडा उठला, तर साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि डॉक्टरकडे जा. हळद, तिखट, चुना काही लावू नका. घरचं पिल्लू म्हणून दुर्लक्ष करू नका, रेबीज झाल्यावर त्याला उपचार नाही.

शिकवणं

एका वेळी तीन ते पाच मिनिटं, दिवसातून तीन-चारदा, जेवणाआधी. उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे मटारच्या दाण्याएवढे तुकडे. ‘बस’साठी तुकडा नाकाशी धरा आणि हळूहळू डोक्यावरून मागे न्या. नाक वर जातं, बूड आपोआप खाली टेकतं, त्याच क्षणी ‘शाब्बास’ आणि तुकडा तोंडात. हाताने पाठ दाबायची गरज नाही. हालचाल पक्की झाल्यावर शब्द जोडा.

‘इकडे ये’ म्हणून बोलावून कधीही रागवू नका, आंघोळीलाही नेऊ नका. तो शब्द एकदा बिघडला की रस्त्यावर पट्टा सुटेल त्या दिवशी तुमच्याकडे काही उरत नाही. ‘सोड’ शिकवताना तोंडातली वस्तू ओढू नका, बदल्यात जास्त चांगलं काही द्या. मारून शिकवणारा ट्रेनर असेल तर पहिल्याच दिवशी निरोप द्या.

एकटं राहणं

विरार किंवा कल्याणहून दोघंही नोकरीला जात असाल तर दाराला कुलूप लावून 3 महिन्यांचं पिल्लू दहा तास ठेवणं जमणार नाही. दुपारी येणारं कुणीतरी लावा, नसेल तर पिल्लू तूर्त आणू नका. सवय टप्प्याटप्प्याने करायची असते. चपला घाला, किल्ली वाजवा आणि बाहेर न जाता बसून राहा. मग दाराबाहेर अर्धा मिनिट, मग पाच, मग खाली जाऊन दूध आणण्याएवढा वेळ. ते रडायच्या आत परत या. जाताना पोकळ रबरी खेळण्यात दहीभात भरून गोठवलेला द्या. आल्यावर मिठ्यांचा सोहळा नको.

खाणं

3 महिन्यांपर्यंत दिवसाला 4 वेळा, सहापर्यंत 3, पुढे 2. नुसती दूध-पोळी हे पिल्लाचं जेवण नव्हे. अंडं, चिकन, भात, लाल भोपळा, किंवा पपीफूड. शाकाहारी घर असेल तर डॉक्टरांशी आधी बोला. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं वर्ज्य, आणि बेदाणे-मनुकेही, म्हणजे प्रसादाचा शिरा नाही. शिजवलेली हाडं फुटून आतड्यात टोचतात.

सोसायटी आणि परवाना

‘आमच्याकडे कुत्री चालत नाहीत’ असा ठराव सोसायटी बहुमतानेही करू शकत नाही, लिफ्ट बंद करू शकत नाही. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट आहे. ती प्रत जवळ ठेवा, पण पहिल्याच सभेत फडकावू नका. लिफ्टमध्ये कुणी घाबरत असेल तर पुढच्या फेरीची वाट बघितलीत की अर्ध्या तक्रारी होतच नाहीत.

कुत्र्यासाठी महापालिकेचा परवाना लागतो. त्यासाठी रेबीजच्या लशीचा दाखला हवा, म्हणून डॉक्टरकडून लशीच्या पुस्तिकेवर सही, शिक्का आणि तारीख घ्या आणि मोबाईलमध्ये तिचा फोटो काढून ठेवा. परवान्याचं नूतनीकरण आणि लशीची पुढची तारीख दोन्ही त्याच फ्रिजवरच्या कागदाखाली लिहा, शेजारी कोण नेणार त्याचं नावही.