काळ्या दारूची जुनी काडतुसं भरताना: साधनं निवडण्यातल्या या चुका टाळा

१८७३ची ट्रॅपडोअर स्प्रिंगफील्ड ही जुनी रायफल हाती आली की बहुतेक जण आधी तिच्या काडतुसाचं नाव ‘४५-७०’ छापलेला डायसेट (काडतूस भरायच्या साच्यांचा संच) मागवतात. पैसे वाया जायला इथूनच सुरुवात होते. आजचा बहुतेक ४५-७० डायसेट धूरविरहित पावडर आणि तांब्याचं आवरण असलेली ०.४५८ इंची गोळी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेला असतो. तुमच्या रायफलला मऊ शिशाची, जराशी जाड गोळी आणि केस (काडतुसाचं पितळी कवच) भरून काळी दारू, म्हणजे जुन्या पद्धतीची बंदुकीची दारू, लागते. कॅलिबरचं नाव एकच, काम मात्र वेगळं.

भारतातल्या वाचकांसाठी एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय काडतुसं तयार करणं गुन्हा आहे. पुढचा मजकूर अमेरिका-ब्रिटनसारख्या देशांत तिथले नियम पाळून हा छंद करणाऱ्यांसाठी आहे.

नळी न मोजता गोळीचा साचा घेणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. कागदावर नळीचा खाचांतला (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या चरांतला) व्यास ०.४५८ इंच असला, तरी जुन्या ट्रॅपडोअरमध्ये तो ०.४६० किंवा त्याहूनही जास्त निघतो. तेल लावलेल्या नळीतून शुद्ध शिशाचा तुकडा लाकडी दांड्याने हळूहळू पार करा आणि तो मोजा.

मोजतानाही एक फसगत होते. ट्रॅपडोअरच्या नळीत तीन खाचा आहेत. खाचेच्या बरोबर समोर उंचवटा येतो, त्यामुळे साध्या मायक्रोमीटरमध्ये खाचेपासून खाचेपर्यंतचं माप मिळतच नाही. आकडा कमी येतो, त्या आकड्यावर साचा येतो, आणि गोळी नळीत सैल बसते. तीन खाचांसाठी ६० अंशांच्या व्ही-आकाराच्या बैठकीचा मायक्रोमीटर लागतो. व्हर्नियर कॅलिपरवर इथे विसंबू नये, हजारांश इंचाच्या निर्णयाला तो पुरत नाही.

चेंबरचा, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेचा, ठसाही घ्या. सेरोसेफ हा मिश्रधातू ७० ते ८८ अंश सेल्सिअसला वितळतो. थंड होताना तो आधी आकसतो, मग फुगतो, आणि ओतल्यापासून साधारण तासाभराने चेंबरच्या खऱ्या मापावर येतो. त्याच वेळी मोजा. गोळीच्या व्यासात केसच्या दोन्ही भिंतींची जाडी मिळवली, तर बेरीज चेंबरच्या गळ्यापेक्षा थोडी कमीच यायला हवी. यातून सर्वांत जाड कोणती गोळी चालेल ते कळतं. खाचांपेक्षा ०.००१ इंच जाड गोळी आदर्श, पण चेंबर परवानगी देईल तेवढीच.

डायसोबतच्या एक्स्पांडरवर भागवणं

नेहमीच्या सेटमधला एक्स्पांडर, म्हणजे केसचं तोंड रुंद करणारा दांडा, ०.४५६ इंचाच्या आसपास किंवा त्याहून बारीक असतो. त्यातून निघालेल्या केसमध्ये ०.४६० ची मऊ गोळी दाबली, की केस गोळीलाच पिळून बारीक करते. साचा बरोबर, शिशाचं मिश्रण बरोबर, तरी नळीत चेंबरच्या बाजूला शिसं चिकटतं, आणि दोष वंगणाला दिला जातो. तपासणं सोपं आहे: भरलेल्या केसमधून गोळी ओढून काढा आणि पुन्हा मोजा. माप घटलेलं असेल, तर गोळीपेक्षा ०.००१ ते ०.००२ इंच बारीक असा वेगळा एक्स्पांडर घ्या.

गोळीनेच दारू दाबणं

काळ्या दारूत गोळी आणि दारू यांच्यामध्ये पोकळी चालत नाही. पोकळी राहिली, तर नळीला कायमचा गोल फुगवटा येऊ शकतो. म्हणून दारू थोडी दाबूनच भरायची असते. हे काम गोळी बसवणाऱ्या डायवर सोपवलं, की मऊ गोळीचं नाक चपटं होतं आणि तळ पसरतो. त्यासाठी वेगळा कॉम्प्रेशन डाय (फक्त दारू दाबणारा डाय) हवाच, इथे काटकसर करू नका. क्रम असा: केसचं तोंड एक्स्पांडरने उघडा, दारू भरा, त्यावर ०.०३० इंच जाडीची चकती ठेवा, डायने दाबा आणि मग गोळी हाताने बसवा. किती दाबायचं ते दारूवर ठरतं. स्विस ब्रँडच्या दारूला कमी दाब मानवतो, गोएक्स ब्रँडच्या दारूला जास्त.

जोडीला साधारण दोन फूट लांबीची पितळी ड्रॉप ट्यूब (दारू ओतायची नळी) घ्या. सावकाश ओतल्यावर दाणे एकमेकांत बसतात आणि तेवढीच दारू केसमध्ये कमी उंचीवर येते. निशाण्यावर उभ्या रेषेत पसरलेल्या भोकांचं कारण बऱ्याचदा घाईघाईने ओतलेली दारू असतं.

माप यंत्राची भांडी आणि ड्रम धातूचे, काळ्या दारूसाठीच बनवलेले असावेत. धूरविरहित पावडरीचं प्लास्टिकचं यंत्र इथे वापरू नये. ‘७०’ म्हणजे ७० ग्रेन काळी दारू, साधारण ४.५ ग्रॅम. त्याच मापाने धूरविरहित पावडर भरली, तर रायफल फुटेल आणि माणूसही वाचणार नाही. दोन्हींची भांडी वेगळ्या कपाटांत ठेवा.

उथळ खाचांचा साचा

नवीन साच्यांतल्या वंगणाच्या खाचा बारीक असतात. काळ्या दारूची काजळी मऊ ठेवायला भरपूर वंगण लागतं, म्हणून गोळीला अनेक खोल खाचा हव्यात. मिश्रण शिसं-कथील २०:१ किंवा ३०:१. वंगण मधमाश्यांचं मेण आणि प्राण्यांची चरबी यांचं. खनिज तेलाचं वंगण काजळीशी मिळून डांबरासारखं घट्ट होतं. काही फैरींनंतर नळीच्या तोंडाशी वंगणाचा ताऱ्यासारखा ओला ठसा दिसला, तर पुरवठा पुरेसा आहे. तोंडाकडच्या शेवटच्या काही इंचांत कोरडी, कडक काजळी सापडली, तर वंगण वाटेतच संपतंय.

मार्टिनी-हेन्री रायफलवाल्यांनी प्रेस (डाय बसवायचं यंत्र) आधी पाहावी

या रायफलच्या ५७७/४५० काडतुसाची केस फार जाड. तिचे काही डाय सव्वा इंच व्यासाचे आणि इंचाला १२ आट्यांचे असतात, तर साधी प्रेस सात-अष्टमांश इंच आणि १४ आट्यांची. बुश (डायचे आटे असलेली कडी) काढता येणारी प्रेस नसेल, तर डाय घरात पडून राहील. जुन्या बर्डन पद्धतीच्या प्रायमरच्या (दारू पेटवणाऱ्या टोपीच्या) केस स्वस्तात मिळतात, पण त्यांच्या तळाशी मधलं भोक नसतं. नेहमीच्या डायची प्रायमर काढायची पिन त्यात घातली की मोडते.

धुण्याचं सामान शेवटी ठेवणं

काळ्या दारूची काजळी हवेतला ओलावा ओढते आणि पितळ खाते. मक्याच्या भुशाच्या कोरड्या टंबलरने (केस घोळवून साफ करणाऱ्या फिरत्या डब्याने) ती निघत नाही. प्रायमर काढून केस त्याच दिवशी भांडी धुण्याच्या साबणाच्या पाण्यात टाका, मग ओल्या टंबलरमध्ये सिरॅमिकच्या तुकड्यांसोबत फिरवा. मैदानावर जाताना झाकणाची पाण्याची बरणी सोबत असली, तर निम्मं काम परतीच्या वाटेवरच होतं.