गावातल्या बायांपर्यंत फँटसी गेम न्यायचाय? या चुका टाळा

यवतमाळ जिल्ह्यातल्या दोन-तीन गावांत मी दोन वर्षांपासून रोल-प्लेइंग गेमच्या बैठका घेते. एक जण गोष्ट चालवते, बाकीच्या एकेक पात्र घेतात, ‘आता मी काय करते’ ते बोलून सांगतात आणि जमलं की फसलं ते फासा ठरवतो. १९७४ मध्ये अमेरिकेत आलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा या प्रकारचा पहिला छापील खेळ. गावात बैठक जमली नाही की ‘बायांना यात रसच नाही’ असं लोक सांगतात. मला ते पटत नाही. भुलाबाईपुढे बसून ‘गोड की तिखट?’ विचारत बंद डब्यातली खिरापत ओळखणाऱ्या बायांना अंदाज बांधायला कोणी शिकवायची गरज नाही.

‘खास बायांसाठी, सोपा’ असं लिहू नका

गुलाबी डबा, कमी नियम, लढाई काढून टाकलेली. असा एक संच मीही नेला होता. बायांनी हातात घेतला आणि पोरींकडे सरकवला. ‘तुम्हाला एवढंच झेपेल’ हे त्यांना न बोलता कळलं. हा अपमान जुना आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्याच १९७८च्या नियमपुस्तकात मानवी स्त्री-पात्राच्या ताकदीची कमाल मर्यादा पुरुषापेक्षा कमी होती. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत ती गेली. नियमातून गेलेली गोष्ट जाहिरातीतून परत आणू नका. आणि उघड्या पोटाच्या चिलखतवालीचं पोस्टर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावलंत, तर सासूच्या नजरेला पडलेला तो खेळ सून घरी आणणार नाही.

फासे आधी बाहेर काढू नका

फासे म्हणजे जुगार. ज्या घराने जुगारात पैसा गमावलाय, तिथली बाई फासे बघून उठून जाते, आणि तिचं बरोबर आहे. आधी गोष्ट सांगा. फाशावरून अडलंच तर १ ते २० आकड्यांच्या सारख्या चिठ्ठ्या डब्यात टाका, एक काढा, वाचून परत टाका. वीस बाजूंच्या फाशाइतकीच संधी मिळते.

मी सुरुवात दमयंतीपासून करते. विदर्भाचीच राजकन्या, आणि नळाचं राज्य फाशांत गेलं हेही सगळ्यांना ठाऊक. स्वयंवरात पाच नळ उभे, चार त्यातले देव. ‘तुम्ही दमयंती. काय करता?’ एका बैठकीत कापूस वेचून बोटं चिरलेली एक मावशी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘मी पाचहीले वावरात नेतो. ज्याले घाम येईन, थो माहा नळ.’ महाभारतात दमयंती नळाला ओळखते त्यातली एक खूण हीच आहे: देवांना घाम येत नाही. मावशीने ती कुठे वाचली नव्हती. त्या दिवशी मला नियम समजावून सांगावे लागलेच नाहीत.

दुसऱ्याला त्यांच्या वतीने बोलू देऊ नका

सगळ्यात जास्त बैठका इथे मोडतात. मोबाईलवर गेम खेळणारा पुतण्या शेजारी बसतो आणि ‘काकू, तू मांत्रिक घे, असं नको करू’ सुरू होतं. काकू हसते, चिठ्ठी त्याच्याच हातात देते आणि पुढच्या वेळी येत नाही. आम्ही एकच नियम ठेवलाय: जिची पाळी, तिनेच बोलायचं. ती गप्प राहिली तर थांबायचं. ही शांतता खेळ चालवणारीला फार जड जाते, तरी ती भरून काढू नका. मावशीचा घाम याच शांततेतून आला.

वेळ आणि पैसा

चार तासांची बैठक शहरात चालते. इथे दीड तास पुरे, आणि गोष्ट त्याच दिवशी संपली पाहिजे. वेचणी लागली की पुढचा भाग दोन महिने लांबतो. निंदणाच्या आणि वेचणीच्या दिवसांत बैठक ठेवूच नका. लेकरं सोबत येणार, त्यांना चिठ्ठ्या काढायचं काम द्या.

जाड इंग्रजी पुस्तकं कोणाच्या गळ्यात मारू नका. जानेवारी २०२३ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले. मूळ श्रेय देऊन ते मराठीत उतरवता येतात, छापून विकताही येतात. पात्राचा कागद आमच्याकडे तीन ओळींचा असतो: मी कोण, मला काय येतं, मला कशाची भीती. लिहिता न येणारी तो बोलून भरते.

संच एकेकीला विकण्यापेक्षा बचत गटाला एक द्या. तिसऱ्या बैठकीला तुम्ही गोष्ट चालवू नका, गटातलीच एक बसवा. आमचा डबा आता गटाच्या पेटीत पासबुकाशेजारी असतो. पोळ्यानंतरची बैठक मावशीच्या ओसरीवर आहे, आणि गोष्ट तीच सांगणार आहे.