थंडी सुरू होताच मनी प्लँट पिवळा, कुंडीत चिलटं : काय लागू पडलं

बेळगावात दिवाळी सरली की गारठा वाढतो. घरातल्या मनी प्लँटची खालची पानं पिवळी पडू लागली, नवी बारीक येऊ लागली आणि मातीवर चिलटं घोंघावायला लागली. वापरलेली चहापूड टाकली, बुरशी आली. ताजं शेण घातलं, चिलटं दुप्पट. कुंडीच उचलून फेकावी असं वाटलं.

मग उपाय केला तो असा. आधी पाणी बंद, बोटाचं एक पेर माती सुकेपर्यंत. कुंडीतली ही चिलटं ओल्या मातीत अंडी घालतात, म्हणून ही पायरी गाळू नका. नंतर वरची इंचभर माती काढून टाकली आणि तिथे गांडूळखतात मूठभर निंबोळी पेंड मिसळून भरली.

खत मात्र शेंगदाणा पेंडीचं. जनावरांच्या खाद्याच्या दुकानात सुटी मिळते, नर्सरीतल्या पुड्यांपेक्षा खूपच स्वस्त. तिच्यात नत्र साधारण 7 टक्के. 100 ग्रॅम पेंड 1 लिटर पाण्यात झाकून ठेवायची, रोज ढवळायची; उन्हाळ्यात तीन दिवस पुरतात, थंडीत पाच-सहा द्या. वास भयंकर, बादली परसातच ठेवा. गाळून दसपट पाणी घालायचं, आठ इंची कुंडीला एक पेला, पंधरा दिवसांतून एकदा. चोथा घरातल्या कुंडीत नको, तुळशीच्या किंवा जास्वंदीच्या आळ्यात पुरा.

पिवळं पान परत हिरवं होत नाही, ते कापाच. नवी पानं रुंद येतायत. कोरफडीला हे पाणी देऊ नका.