कच्चं केळं, कांदा आणि आयोडीनचा थेंब : पेशी घरी कशी बघायची

भाचीनं परवा फोनवर एका दमात म्हणून दाखवलं, "पेशी हा सजीवाचा रचनात्मक व कार्यात्मक घटक आहे." मी विचारलं, "बघितलीस का कधी?" तर म्हणे, "मावशी, ती दिसत नसते!"

दिसते की. चोपडा तालुक्यात बावीस वर्षं विज्ञान शिकवतेय मी. माझा अनुभव असा, की व्याख्येपासून सुरुवात केली की पोरं पेंगतात आणि केळ्यापासून केली की बाक सोडून टेबलाशी येतात. आपल्याकडे केळ्यांना काय तोटा! केळीच्या लागवडीचे दोन हंगाम, मृगबाग संपली की कांदेबाग सुरू. कुणाच्या तरी शेतात कापणी चालूच असते.

तर पहिल्या दिवशी सूक्ष्मदर्शक बाजूला ठेवा. तीन केळी घ्या : एक हिरवंगार, एक नुकतं पिवळं झालेलं आणि एक काळे ठिपके पडलेलं, पोरं नाक मुरडतात तसलं. मेडिकलमधून जखमेवर लावायचं तपकिरी पोव्हिडोन आयोडीन आणा. एका थेंबाला आठ-दहा थेंब पाणी, एवढं पातळ करा. प्रत्येक केळ्याची एकेक चकती कापून बशीत ठेवा आणि वर एकेक थेंब टाका. चकत्या नंतर फेकायच्या, खायच्या नाहीत. हे मोठ्यानं सांगा, एखादं पोरगं तोंडात टाकतंच.

हिरव्या केळ्याची चकती बघता बघता काळीनिळी होते. पिवळ्यावर निळे डाग उमटतात. ठिपकेवालं जवळजवळ तपकिरीच राहतं. कच्च्या केळ्याच्या गरात वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा पिष्टमय पदार्थ, म्हणजे स्टार्च असतो. त्याच्या साखळ्या स्प्रिंगसारख्या वळलेल्या असतात आणि आयोडीन त्या वेटोळ्यात जाऊन बसतं, म्हणून निळा रंग. केळं पिकताना त्यातली विकरं (एन्झाइम) या साखळ्या तोडून साखर करतात, शेवटी स्टार्च एक-दोन टक्केच उरतो. रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीन वायू सोडतात तो हेच काम सुरू करायला. पिकलेलं केळं गोड लागतं कारण आतल्या स्टार्चची साखर झालेली असते. बाहेरून साखर येत नाही.

आता तेच तोंडात करा. भाकरीचा घास भाजी न लावता घ्या आणि गिळायची घाई न करता दोन मिनिटं चावा. हळूहळू गोडसर लागायला लागतो. लाळेतलं अमायलेझ हे विकर केळ्यासारखंच काम करतंय. चावलेला घास बशीत काढून आयोडीन टाकलं तर न चावलेल्या भाकरीपेक्षा फिका निळा येतो. पूर्ण जात नाही. उरलेलं काम लहान आतड्यात होतं, तिथून ग्लुकोज रक्तात जातं आणि रक्तातून एकेका पेशीत. पेशीतल्या तंतुकणिका ऑक्सिजनच्या मदतीनं त्यातून ऊर्जा काढतात. पचन म्हटलं की पोट आठवतं, पण जेवण खरं पोचायचं असतं ते पेशीत.

आता सूक्ष्मदर्शक. शाळेचा असला तरी पुरतो. दहाची नेत्रभिंग आणि दहाची वस्तुभिंग, म्हणजे शंभरपट. कांद्याची जाड पाकळी मोडा. आतल्या, खोलगट बाजूला पारदर्शक पापुद्रा सुटतो, तो चिमट्यानं ओढा. नखाएवढा तुकडा काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात घडी न पडू देता पसरा. पातळ आयोडीनचा एक थेंब टाका. आच्छादन काच एका कडेनं टेकवून सुईच्या आधारानं सावकाश खाली सोडा.

इथे घाई केली की हवेचे बुडबुडे अडकतात. माझ्या पहिल्या वर्षी साऱ्या वर्गानं जाड काळ्या कडेचे सुबक गोल काढले आणि खाली लिहिलं "पेशी". मीही तपासून बरोबरची खूण केली! मागच्या बाकावरचा एक पोरगा तेवढा विचारत राहिला, "मॅडम, हाई काय शे? हाई ते हालस." पेशी कशाला हलेल? बुडबुडा हलत होता. तेव्हापासून आधी बुडबुडाच दाखवते, मग पेशी.

खरी पेशी विटांच्या भिंतीसारखी दिसते : लांबट चौकोन एकाला एक लागून. कड म्हणजे पेशीभित्तिका. कडेला सरकलेला पिवळसर ठिपका म्हणजे केंद्रक. मधली मोकळी जागा रिकामी नसते, ती रसानं भरलेली रिक्तिका. रॉबर्ट हूकनं 1665 साली बुचाचा काप पाहिला तेव्हा त्याला नुसत्या मेलेल्या पेशींच्या भिंती दिसल्या, खोल्यांसारख्या. केंद्रकाला नाव मिळालं 1831 मध्ये, रॉबर्ट ब्राऊनकडून. हरितलवक (पानांना हिरवा रंग देणारे कण) शोधत बसू नका, कांदा जमिनीत वाढतो.

एक गोष्ट मात्र मुलांनाच हेरू द्या : कांदा निळा होत नाही. तो अन्न स्टार्चच्या नव्हे, शर्करांच्या रूपात साठवतो. लगेच कच्च्या केळ्याचा गर काडीनं खरवडून दुसऱ्या काचपट्टीवर पातळ पसरा, आयोडीन टाका. पेशींच्या आत काळेनिळे दाणे गच्च भरलेले दिसतील, कणगीत ज्वारी भरावी तसे. पिकलेल्या केळ्याच्या पेशीत कणगी जवळजवळ रिकामी. बशीत रंग पाहिला होता, तो कुठून येतो ते इथे दिसतं. माझ्या मते सगळ्या वर्षातला हा सर्वांत चांगला तास.

प्रथिनांसाठी कळण्याची भाकरी पुरे. आमच्या घरी चार वाटे ज्वारीला एक वाटा अख्खे काळे उडीद आणि थोडं मीठ घालून दळतात. प्रथिनं अमिनो आम्लांच्या विटांनी बनतात. ज्वारीच्या प्रथिनात त्यातली लायसिन ही वीट कमी, उडदात भरपूर. उडदात मेथिओनिन ही दुसरी वीट कमी, ती ज्वारी भरून काढते. आपली पेशी प्रथिनं बांधते तेव्हा एक जरी वीट कमी पडली तरी काम अडतं. आजीला लायसिन ठाऊक नव्हतं, पण भाकरी बरोबर होती. वर तेल घेताना एवढं ध्यानात असू द्या : पिष्टमय पदार्थ आणि प्रथिनं ग्रॅमला 4 किलोकॅलरी देतात, स्निग्ध पदार्थ 9.

हात आयोडीननं तपकिरी झाले तर आवळ्याचा रस किंवा लिंबू चोळा. त्यातलं क जीवनसत्त्व आयोडीनचा रंग घालवतं. काळ्यानिळ्या चकतीवर आवळा पिळून दाखवलात तर पोरं पुन्हा टेबलाशी येतील. कपड्यावर पडलेल्या केळ्याच्या चिकाला मात्र माझ्याकडेही उपाय नाही, जुनी साडी नेसून जा.