ग्रिडविना सोलर: आधी विजेचा हिशेब, मग पॅनेल

वीज कंपनीच्या जोडणीशिवाय, म्हणजे ग्रिडविना, फक्त सोलरवर घर चालवायचे असेल, तर पॅनेल किती घ्यायचे, हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. आधी वही घ्या आणि घरातल्या प्रत्येक उपकरणाचे वॉट आणि ते दिवसाला किती तास चालते, हे लिहून काढा. दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॉटतास. 1000 वॉटतास झाले की एक युनिट.

उदाहरणादाखल: 9 वॉटचे 5 दिवे 5 तास, 225. टीव्ही 180. मोबाइल-लॅपटॉप 120. पाऊण किलोवॉटची पाण्याची मोटर अर्धा तास, 375. फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबून थांबून चालतो, त्यामुळे त्यावर लिहिलेल्या वॉटला 24 ने गुणू नका. प्लगला लावायचा मीटर एक-दोन दिवस जोडून खरा आकडा घ्या. इथे 1000 धरू.

आता पंखे. 75 वॉटचे दोन साधे पंखे 10 तास चालले तर 1500 वॉटतास. तेच 30 वॉटचे बीएलडीसी (ब्रशविना मोटरचे, कमी वीज खाणारे) असतील तर 600. पंखे बदलल्याने पुढे जवळजवळ पावणेपाचशे वॉटचे पॅनेल वाचते! म्हणून खरेदी नंतर, काटकसर आधी. गिझर आणि इस्त्री तर या यादीत नकोतच.

बीएलडीसी पंखे धरून बेरीज 2500. इन्व्हर्टर स्वतःही वीज खातो, म्हणून 0.85 ने भागा: साधारण 3000.

बॅटरी किती दिवस ढगाळ राहिले तरी पुरावी, हे आपणच ठरवायचे. दोन दिवस म्हटले तर 6000. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते, म्हणून 12,000 वॉटतासांची हवी. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासांची एक बॅटरी 1800 देते, म्हणजे सात लागतील. 24 व्होल्टसाठी दोन-दोनच्या जोड्या लावायच्या तर आठ. लिथियम 80 टक्क्यांपर्यंत वापरता येते, तिथे 7500 पुरतात.

पॅनेलसाठी वर्षातला सर्वांत ढगाळ महिना धरा, सरासरी नको. त्या महिन्यात दिवसाला 3 तासांइतकेच पूर्ण ऊन मिळत असेल आणि उष्णता, धूळ, तारा यांत पाव भाग जात असेल, तर 3000 ÷ (3 × 0.75), म्हणजे सुमारे 1350 वॉट.

इन्व्हर्टरचे गणित वेगळे. तिथे दिवसभराची बेरीज चालत नाही, एकाच वेळी काय काय चालू असते ते पाहायचे. मोटर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट वीज ओढते, तो झटका इन्व्हर्टरला सोसला पाहिजे. मोटर भर दुपारीच चालवा, म्हणजे बॅटरीला हात लागत नाही.